सवाईचं बी

विद्यापीठाचे एक प्राध्यापक जुन्या वाणांच्या शोधात सुलतानपुरात आले आणि कडूबाची छाती फुगली. सगळं गाव नव्या संकरित ज्वारीमागे लागलेलं; तांबड्या कणसाची गोड ज्वारी उरली होती एकट्या त्याच्या घरी. त्याच्या बायकोने, तानुबाईने, ते बी लग्नात माहेराहून आणलेलं आणि पस्तीस वर्षं राखेत घोळून जपलेलं. प्राध्यापक म्हणाले, "ओंजळभर पुरे." पण मोठेपणा माणसाला गप्प बसू देतो होय! कडूबाने अख्खं मडकं त्यांच्या पिशवीत पालथं केलं.

"मूठभर तं ठेवा घरात," तानुबाई म्हणाली.

"काऊन? बी नेलं का सवाईनं परत येते. गावात आजवर कोनं बुडवलं?"

ते खरंच होतं. चार पायल्या बी नेणारा सुगीला पाच आणून देई, तेही न मागता. विद्यापीठानेही बीच नेलं होतं, मग त्याची रीत वेगळी कशी असेल? त्या साली दोघांनी या ज्वारीचा वावरातला तुकडा पडीक ठेवला. सुगी आली, गेली. विद्यापीठाकडून कोणी फिरकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तलाठ्याकडून कळलं की विद्यापीठ खामगावात जुन्या वाणांवर चर्चासत्र भरवतंय, सगळ्यांना खुलं. कडूबा पहिल्या एस.टी.ने निघाला. काखेत धुतलेलं रिकामं पोतं.

प्राध्यापकांनी तासभर निबंध वाचला. कडूबाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. शेवटी त्यांची नजर त्याच्यावर पडली आणि चेहरा खुलला. "हे कडूबा! यांनी एवढं बी दिलं म्हणूनच आम्हाला सगळ्या कसोट्या शेवटापर्यंत नेता आल्या."

टाळ्या पडल्या. कडूबा उठून उभा राहिला.

"सायब, सवाईची घाई नाई. पन मिरग आठ रोजावर आला. नेलं तेवढं तरी द्या. पोतं आनलं म्या."

लोक हसले. त्यांना गंमत वाटली. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. ते मंचावरून उतरून त्याच्याजवळ आले.

"कडूबा, ते सगळं दळलं हो. पीठ करूनच परीक्षा होते. मला वाटलं, तुमच्या घरी असेलच."

"घरी नाई."

"मग गावात कोणाकडे?"

"कोनाकडंच नाई."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस लबाड असता तर कडूबाने त्याला चार शिव्या हासडल्या असत्या, जीव हलका झाला असता. पण तो लबाड नव्हता, आणि मडकं पालथं करणारे हात कडूबाचेच होते. प्राध्यापकांनी त्याला छापील अहवाल दिला. त्यात कणसाचं चित्र होतं, अगदी हुबेहूब.

सांजेला तानुबाईने रिकामं पोतं पाहिलं.

"दळलं म्हनते त्याईनं," कडूबा म्हणाला.

तिने पोतं उलटं करून झटकून पाहिलं. मग तिने विचारलं, "मंग भाकरी कोनं खाल्ल्या?"

"कोनंच नाई. औषधात टाकून नळ्याईत उकळलं."

एखाद्या भुकेल्याच्या पोटात गेलं असतं, तर तिने मनाची समजूत घातली असती. आता तेवढंही उरलं नव्हतं. ती खाली बसली आणि तिने कपाळ भिंतीला टेकवलं.

मिरग लागला. सगळं गाव तिफणी घेऊन वावरात गेलं, आणि ती पेरणी नजरेस पडू नये म्हणून या दोघांनी दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावून घेतली.