आवाज बाहेरून ऐकायचा असतो

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. ऐकल्याबरोबर हसलात ना? हसा, हसा. तुमच्या शाळेत नदी बोलते, झाड बोलतं, फाटकी छत्रीसुद्धा बोलते. गाडीच्या बुडाखाली धूर पिणाऱ्या पत्र्याच्या डब्याला कोण विचारतो? पण मी तुमच्याकडे कीव मागायला आलेलो नाही. उलट मलाच तुम्हा माणसांची कीव येते. ती का येते, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तीन कप्पे आहेत आणि भोकं पाडलेल्या नळ्या आहेत. इंजिनचा आरडाओरडा त्या नळ्यांतून फिरून फिरून दमतो आणि शहाण्यासारखा बाहेर पडतो. आम्ही जुळे. डावा माझा भाऊ, उजवा मी. कारखान्याच्या शेवटच्या टेबलापाशी लिऑन कझमारेक नावाचा एक पोलिश वंशाचा माणूस उभा असायचा. प्रत्येक सायलेन्सरवर तो रबरी हातोडीचे तीन टोले द्यायचा आणि कान लावायचा. आत काही खुळखुळलं की सरळ भंगारात. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. शेजारी पत्रा कापणारं यंत्र दिवसभर धाडधाड करायचं, आणि कानात बोळे घालायची अक्कल मालकांना फार उशिरा आली. लोकांच्या गाड्या गप्प करता करता लिऑनचे कान गेले. निवृत्त झाला तेव्हा मालकांनी त्याला एक केक दिला आणि कारखान्याचं नाव लिहिलेली टोपी दिली. मोठं मन बघा!

निवृत्तीनंतर लिऑननं आयुष्यातला एकच शौक केला. दोन दारांची, आठ सिलिंडरची, नाकपुड्या फुगवलेली लाल गाडी घेतली. इकडे तिला मसल कार म्हणतात. म्हणजे पैलवान गाडी समजा. दुकानात तो चर्चला घालायच्या कोटासकट फरशीवर आडवा झाला, गाडीखाली मान घालून आमच्यावरचा शिक्का वाचला आणि म्हणाला, "आमचेच आहेत. द्या गाडी." विक्रेता बिचारा इंजिनची ताकद सांगायला तोंड उघडून बसला होता, तो तसाच राहिला. माझ्या आयुष्यात माझ्याकडे बघून कुणी गाडी घेतली असेल तर तो हा एकच माणूस.

पुढे लिऑनची नजर अधू झाली आणि किल्ली मुलाकडे गेली. डेनिस कझमारेक. वय बावन्न, पोट सुटलेलं, अक्कल अजून दाढेतून वर यायची होती. बायको लोरेन आणि तो वायनडॉट गावात राहायचे, लिऑनच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. दर रविवारी डेनिस म्हाताऱ्याला घेऊन चर्चला जायचा, तिथल्या तळघरात दोघं पिएरोगी, म्हणजे पोलिश लोकांच्या उकडलेल्या करंज्या, खायचे आणि मग नदीच्या कडेनं मन्रो गावापर्यंत गाडी काढायचे. डेनिस चालवायचा, लिऑन उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूला.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट डेनिसला बावन्न वर्षांत कळली नव्हती. या लोकांना समोरासमोर बसून बोलता येत नाही. जेवणाच्या टेबलावर मीठ दे, मिरपूड दे, एवढंच. दोघं शेजारी बसले, दोघांची नजर रस्त्यावर असली, की मगच एकाच्या तोंडून काहीतरी निघतं. तेसुद्धा दहा-बारा मैलांनी. लिऑनची बायको गेली तेव्हा तो रडला ते याच गाडीत, आणि डेनिसनं मान न वळवता नुसता वेग कमी केला. तो वेग कमी झाला तेव्हा मी श्वाससुद्धा हळू सोडला. माझं कौतुक कुणी केलं नाही. काम चोख झालं की सायलेन्सर आहे याचीच आठवण राहत नाही, तेव्हा कौतुक कसलं करणार?

त्या वर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी लिऑन म्हणाला, "केरन म्हणते, ॲरिझोनाला ये."

केरन म्हणजे डेनिसची बहीण. ती तिकडे दोन हजार मैलांवर, उन्हाच्या मुलखात, फिनिक्सपाशी राहते.

"मग?" डेनिसनं विचारलं.

"बघू."

झालं. त्या रविवारचं बोलणं संपलं. पुढच्या रविवारी लिऑन म्हणाला, "एकटं घर आता आवरत नाही." डेनिस "हं" म्हणाला. तिसऱ्या रविवारी मन्रो जवळ आल्यावर म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "तुमच्याकडे खालची खोली आहे ना, लोरेनची शिवणाची?"

"आहे. का?"

"सहज."

मी मनात म्हटलं, आता चौथा रविवार. चौथ्या रविवारी हा विचारणार, 'मी तुझ्याकडे राहू का?' तीन आठवडे शिडी चढून म्हातारा शेवटच्या पायरीवर आला होता. केरनला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात डेनिसच्या अंगात आलं.

दोष वेनचा. वेन म्हणजे डेनिसचा शाळेपासूनचा मित्र. स्वतःच्या गाडीचं कर्ज फिटलेलं नाही आणि दुसऱ्याच्या गाडीत हौस पुरवून घेतो, अशांपैकी. फोर्ट स्ट्रीटवरच्या बर्गरच्या दुकानासमोर शनिवारी संध्याकाळी हे सगळे टकले जमतात, गाड्यांची तोंडं उघडी ठेवून खुर्च्या टाकून बसतात. तिथे वेन म्हणाला, "लेका, आठ सिलिंडरची गाडी आणि आवाज शिवणयंत्राचा? लाज वाटत नाही?"

"कारखान्यातून आली तशीच आहे रे."

"तेच तर! डब्यांनी गळा दाबून ठेवलाय तिचा. काढून फेक."

मग काय विचारता! आठवडाभर डेनिस फोनला चिकटून होता. कुणीतरी अनोळखी माणूस गाडीच्या मागे फोन धरून इंजिन पेटवतो आणि हा इकडे डोळे मिटून ऐकतो, जणू देव्हाऱ्यासमोर बसलाय. मागचे डबेच बदलायचे की पुढून सगळी नळी बदलायची? आत कप्पे असलेला घ्यायचा की आरपार मोकळा? गंजणारं पोलाद की न गंजणारं? वेन प्रत्येकावर मत द्यायचा. "हा खोल आहे. हा कर्कश. हा! हा ऐक! छातीत वाजला पाहिजे!" छातीत म्हणे. दोघांनाही पायऱ्या चढताना धाप लागते, छाती आधीच वाजत होती.

लिऑन गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून हे बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आत बसून ऐकलास का?"

डेनिस हसला. "बाबा, आवाज बाहेरून ऐकायचा असतो."

मित्रांनो, हे वाक्य लिहून ठेवा. चाळीस वर्षं गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाचं हे ज्ञान! सायलेन्सर निवडायचा तो फुटपाथवरच्या परक्यासाठी. जो आत बसणार, तासन्‌तास, त्याला कुणी विचारायचं नाही. सत्तर मैलांच्या वेगानं एका लयीत गाडी निघाली की मोकळी नळी आत कशी घुमते, कवटीत भुंगा शिरल्यासारखी, ते फोनमध्ये कळत नाही. पण वेन होता ना सांगायला! आणि एकतीस वर्षं सायलेन्सर तपासलेला माणूस तीन हातांवर बसला होता. त्याला विचारायला यांची जीभ झडली.

शनिवारी सकाळी वेननं गंजलेल्या बोल्टांवर तेल मारलं, रबरी कड्या ओढल्या, आणि आम्ही दोघे भाऊ फरशीवर आदळलो. "बघ, किती जड धोंडे," वेन म्हणाला आणि मला पायानं बाजूला सारलं. पायानं! मग आम्हाला नाताळच्या दिव्यांच्या खोक्याशेजारी फळीवर टाकलं. आमच्या जागी जोडगोळी आली ती चकचकीत, तोंडं तव्याएवढी आणि पोटात काहीच नाही. आत काही असतं तर तोंड एवढं मोठं कशाला लागलं असतं? डेनिसनं किल्ली फिरवली. खिडकीची काच थरथरली, शेजारणीचं कुत्रं बाकाखाली गेलं आणि हे दोन बाप्ये एकमेकांच्या पाठीवर थापा मारून नाचले. मला इतकी किळस आली की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी चौथा रविवार होता.

ते गेले तेव्हा मी फळीवर होतो. दुपारी परत आले. डेनिस शीळ घालत उतरला. "कसा वाटला, बाबा?"

लिऑननं शर्टाच्या खिशातून कानातली यंत्रं काढून पुन्हा कानांत बसवली. त्या घुमण्यानं त्याची यंत्रं किंचाळत होती, म्हणून त्यानं हायवेला लागतानाच ती काढून ठेवली होती. "जोरात आहे," तो म्हणाला.

"मग! म्हटलं होतं ना?" असं म्हणून डेनिस आत लोरेनला सांगायला गेला.

म्हातारा खुर्चीवर बसला आणि त्यानं केरनला फोन लावला. कान गेलेली माणसं फोनचा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला.

"बाबा, विचारलंत डेनिसला?"

"विचारलं. म्हटलं, तुझ्याकडे राहू का."

"काय म्हणाला?"

"काही नाही. हसत होता. गाडी चालवत राहिला."

"अहो, ऐकू गेलं नसेल."

"केरन, नाही म्हणायची पद्धत मला कळते. मी लहान आहे का? तिकीट काढ तू."

मी फळीवरून ओरडायचा प्रयत्न केला. पण आयुष्यभर आवाज गिळायचंच शिकलो, ऐनवेळी ओरडणार कुठून?

जूनमध्ये लिऑन ॲरिझोनाला गेला. डेनिसनं त्याला विमानतळावर सोडलं, आणि परत येऊन वेनशेजारी गॅरेजमध्ये बिअर उघडून बसला. "लोरेननं शिवणयंत्र केव्हाच वर नेलं होतं," तो म्हणाला. "मी खोलीला रंग दिला. पलंग आणला. म्हटलं, विचारतील."

"तू नाही का विचारायचंस?" वेन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी शहाणपणाचं बोलला.

"कझमारेकांना 'आमच्याकडे राहा' असं म्हणायचं नसतं, वेन. त्यांना वाटतं दया केली. त्यांनी आपणहून विचारायचं आणि आपण 'बरं' म्हणायचं. माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं. बाबांनी विचारलंच नाही रे. ऊन बरं वाटत असेल त्यांना. गुडघे दुखतात."

ऐकलंत? एकानं खोली रंगवून ठेवली आणि तोंड शिवलं. दुसऱ्यानं तीन आठवडे जोर गोळा करून एकदाच तोंड उघडलं, आणि ते नेमकं त्या नळकांड्यांच्या बोंबेत बुडालं. ज्यांच्या हातून इंजिनं घडली त्या लोकांना साधं 'ये' म्हणता येऊ नये, याला काय म्हणावं?

उन्हाळाभर गाडी बोंबलत हिंडली. उजवीकडची जागा मोकळीच राहायची. ऑक्टोबरात, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आधी गाडी झाकून ठेवायची म्हणून डेनिस गॅरेजमध्ये होता, तेव्हा केरनचा फोन आला. तिचा आवाज इतका चढलेला होता की फळीवर मलाही ऐकू येत होता.

"डेनिस, एक विचारू? बाबांना तू हसून टाळलंस कसं रे? म्हातारा माणूस, तोंड उघडून म्हणाला, तुझ्याकडे राहू का म्हणून. आणि तू हसलास?"

"कधी?"

"मे महिन्यात. मन्रोच्या रस्त्यावर. अजून झोपेत बोलतात ते."

डेनिसच्या हातातलं कापड खाली पडलं. तो गाडीच्या मागे गेला आणि त्या दोन चकचकीत तोंडांकडे बघत उभा राहिला. मग फरशीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. मला वाटलं होतं, हा क्षण बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

त्यानं तिथूनच बापाला फोन लावला. "बाबा, मला ऐकू आलं नव्हतं! शप्पथ! मी तर—"

"काय? फोनवर नीट कळत नाही मला," लिऑन म्हणाला. "आलास की बोलू. गाडीत."

डेनिसनं वेनला बोलावलं नाही. स्वतः गाडी उचलली, खाली शिरला, बोटं सोलपटून घेतली आणि आम्हाला जागेवर बसवलं. वेन आला तेव्हा किंचाळलाच, "वेडा झालास काय? एवढा झकास आवाज घालवलास!" डेनिस म्हणाला, "बाजूला हो." मग निघाला ॲरिझोनाला. तीन दिवस, दोन हजार मैल. लिऑन केरनच्या दारातच उभा होता, अंगानं निम्मा झालेला. बाप-लेक गाडीत बसले आणि कोरड्या डोंगरांच्या दिशेनं निघाले. पंधरा मैल कुणी बोललं नाही. मी काळजी घेत होतो, इंजिनचा एक चुकार खोकलासुद्धा वर जाऊ देत नव्हतो.

"बाबा," डेनिस म्हणाला, "खोली तुमच्यासाठीच रंगवली होती. मे महिन्याच्या आधीच. परत चला."

लिऑननं नजर रस्त्यावरच ठेवली. कानांतली यंत्रं कानांतच होती.

"केरननं माझ्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय," तो हळू म्हणाला. "जावयानं जिन्याला कठडा केला. आता त्यांना काय सांगू? तुझ्या आधी त्यांनी 'ये' म्हटलं, बाळा."

डेनिसला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी होतो ना खाली.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करायची मला हौस नाही, तुम्ही ऐकणाऱ्यांतले दिसत नाही. तरी सांगतो. गाडीला काय वाटेल ते लावा, तवा लावा, तुतारी लावा. पण आधी दार लावून आत बसा, आणि शेजारी त्याला बसवा ज्याचं बोलणं तुम्हाला ऐकायचं आहे. जुना डबा काढून फेकण्याआधी तो काय काय गिळत होता, ते विचारा.

आठ दिवसांनी डेनिस एकटा परत निघाला. दोन हजार मैल त्यानं रेडिओ लावला नाही. उजवी जागा रिकामी होती आणि मी माझं काम चोख करत होतो. गाडीत इतकी शांतता होती की मला स्वतःलाच ती सोसवेना.