विणेकऱ्याचा डावा डोळा

या माउली, असे पुढं सरून बसा. राळेगावाकडची एक गोष्ट सांगतो. ऐकून घ्या आणि घरी घेऊन जा.

किसनरावांनी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. इंदूबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. डावा गाल उतरला होता. त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता.

श्रावणातला हरिनाम सप्ताह नुकताच बसला होता आणि गावात अभंग गाणारे किसनराव त्याचे विणेकरी. काल्याचं कीर्तन होऊन सप्ताह उठेपर्यंत विणेकऱ्यानं गावाची वेस ओलांडायची नाही, हा तिथला नेम. इंदूबाई म्हणाल्या, आत्ता निघालो तर यवतमाळची गाडी सापडेल. सप्ताहाचे पुढारी बबनराव येऊन पाहून गेले; वारं लागलं असेल, तिळाचं तेल चोळा म्हणाले. जबरदस्ती कोणी केली नाही. थांबायचं किसनरावांनीच ठरवलं.

"विणा गळ्यात घेतला हाय मी. काला होऊ दे, मंग जाऊ."

रोज तेल चोळून ते विणा घेऊन पहाऱ्याला उभे राहिले. उघडा डोळा लाल होत गेला. इंदूबाई ओल्या फडक्यानं तो टिपत राहिल्या.

काला झाला, प्रसाद वाटला, आणि मग दोघं एसटीनं यवतमाळला गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मेंदूचा लकवा नव्हे, चेहऱ्याच्या नसेचा आहे, म्हणाले. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या पोटात गेल्या असत्या तर बरं होण्याचा भरवसा मोठा होता. ती वेळ आता टळली. लेझर देऊन पाहू, सोबत चेहऱ्याचे व्यायाम. काहींना गुण येतो, पण शब्द देता येत नाही.

"गाता येईन का मले?"

"पाहू," डॉक्टर म्हणाले, आणि लेझरची चिठ्ठी लिहू लागले.

मग दिवसाआड यवतमाळच्या खेपा सुरू झाल्या. किसनराव काळा चष्मा लावून खाटेवर पडत आणि व्यायाम शिकवणाऱ्या ममता मॅडम पेनासारखी दांडी त्यांच्या कानामागं, गालावर, ओठाच्या कडेला टेकवत. ना चटका, ना आवाज.

"मॅडम, हे चालू हाय ना? का लाइन गेली?"

"काका, बोलू नका. जागा हलते."

घरी ते आरशासमोर गाल फुगवत आणि हवा डावीकडून फुस्सकन निघून जाई. पांडुरंगाचं नाव घेतानासुद्धा ओठ जुळत नसत. चारचौघांत जेवणं त्यांनी सोडून दिलं.

कापूस वेचून होता होता ओठ हलला. इंदूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पण थोड्याच दिवसांत त्यांना दिसलं की किसनरावांनी तोंड उघडलं की डावा डोळा आपोआप गच्च मिटतो. ममता मॅडमनी समजावून सांगितलं. नस परत वाढली, पण वाट चुकून. ओठाकडं जायची ती डोळ्याला जाऊन जुळली. लेझरनं आता ते सुटायचं नाही.

पुढच्या श्रावणात बबनरावांनी त्यांना अभंगाला उभं केलं. आवाज तोच होता. पहिल्याच ओळीला डोळा मिटला. पुढच्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या आणि कोणीतरी म्हणालं, समाधी लागली. लोक पाया पडायला उठले. बबनरावांनी माइक घेऊन सांगितलं की नेम मोडला नाही म्हणून देवानं हा भाव दिला.

किसनरावांनी गाणं थांबवलं.

"राजेहो, हा भाव नाई. नस उलटी जुळली हाय. मी दवाखान्यात उशिरा गेलतो म्हणून."

बबनरावांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. "पाहा, केवढी नम्रता," ते म्हणाले, आणि टाळ पहिल्यापेक्षा जोरात वाजू लागले.

त्या सालचा विणेकरी किसनरावांचा भाचा कपिल होता. गळ्यातला विणा सावरत तोही वाकला. किसनरावांनी त्याला उठवायला हात धरला, तर हात तापानं भाजत होता.

"कवापासून हाय हे?"

"परवापासून. डोळ्याच्या मागं ठणकून राह्यलं. पण मी बी वेस नाई ओलांडत, मामा. तुमी कुठं ओलांडली?"

"अरे, मी चुकलो. तू आत्ताच्या आत्ता..."

बोलता बोलता डावा डोळा मिटला. कपिलनं तो मिटताना पाहिला, हात जोडले आणि पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. किसनराव त्याला हाका मारीत गर्दीत शिरले. वाटेत जो तो त्यांच्या पाया पडत होता.

एवढीच गोष्ट, माउली. कधी सप्ताहात उभे असाल आणि शेजारच्याचा हात तापलेला लागला, तर आमच्या कपिलची आठवण ठेवा.