बॉनेटला हार, तळाला गंज

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. तिसगावच्या स्टँडमागे लिंबाखाली उभी असते. गोडगोड ऐकायचं असेल तर रसवंतीच्या घुंगरांकडे जा. माझ्याकडे आहे ते हे असं.

मी मूळची लष्करातली. तिथे लाड नव्हते, पण शिस्त होती. पावसाळ्याआधी जवान पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली शिरायचे, तारेच्या ब्रशने चिखल न् गंज खरवडायचे आणि मला उन्हात खडखडीत वाळू द्यायचे. मग लाल रंग, आणि तो सुकल्यावर काळा जाड लेप. पुढे नगरच्या लिलावात तिसगावच्या आबासाहेबांनी मला घेतलं आणि पाथर्डीपर्यंत माणसं वाहायला लावलं. आठांच्या जागी पंधरा कोंबली तरी मी चढ चढले. कामाला माझी कधीच ना नव्हती.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात माझ्या तळाच्या पत्र्याला गंजाचे फोड आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे अवजारांची आणि गाड्यांची पूजा होते. त्या सकाळी मला ओढ्यात घालून धुतलं आणि दारात चर्चा सुरू झाली, खाली लावायचं काय?

"मालक, इंजनाचं जळकं तेल फासू," ड्रायव्हर छगन म्हणाला.

"त्याला धूळ चिकटती. रस्त्याच्या कामावरनं डांबर आनलंय मी," आबासाहेब म्हणाले. "कसं काळंभोर दिसंल बघ!"

डांबर वाईट नव्हतं हो! पण आधी खरवडायला नको? वाळवायला नको? माझ्या तळातून अजून ओढ्याचं पाणी ठिबकत होतं. आबासाहेबांच्या बायकोनं, पुष्पावतीबाईंनी, ते बरोबर पाहिलं.

"आवं, वलं जोंधळं कनगीत भरून वरनं सारवलं तर आत काय व्हतंय? दोन दिस वाळू द्या, मग लावा."

"आन् पूजा काय दोन दिसांनी करू? समद्या गाड्या सजून उभ्या राहतील आन् आपलीच तेवढी तांबारलेली?"

झालं! पूजेच्या घाईपायी चिखलावर, ओल्यावर, फोडांवर गरम डांबर थापलं. वर बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. येणारा-जाणारा म्हणे, "लई झ्याक!" डोंबलाचं झ्याक! कोंडलेलं पाणी माझा तळ आतून खायला लागलं होतं.

वर्षभरात मागच्या बाकापुढचा पत्रा पार पापड झाला. खालून डांबराची साल, वर गोणपाट, मधे नुसता भुगा. कुणाला दिसेना. मला कळत होतं, पण सांगू कशी? हॉर्नला एकच शब्द येतो, आणि तो छगनने दाबल्याशिवाय निघत नाही. कुणाचा तरी पाय तिथे पडणार, या धास्तीनं मी रोज धावत होते.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. पेरलेलं मातीतच गेलं आणि दिवाळीनंतर आख्खी गावं ऊसतोडीला निघाली. त्यात गोरक्ष आणि त्याची बायको लंकाबाई होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. गोरक्ष बैलगाडी घेऊन पुढे गेला होता. लंकाबाई पिठाचं गाठोडं सांभाळत माझ्यात चढली आणि नेमकी त्याच पत्र्यावर उभी राहिली. तिथे नको गं बाई, तिथे नको! मी आतल्या आत किंचाळत होते.

एका खड्ड्यात मी आदळले आणि पत्रा फाटला. तिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. छगननं ब्रेक मारेपर्यंत रस्त्यानं तो सोलून काढला, घोट्याचं हाड मोडलं.

लंकाबाई रडली, पण पायासाठी नाही. "आमचा कोयता मोडला वं! आता त्यो येकटा काय तोडंल? मुकादम ठिवील का त्याला?"

मुकादमानं नाही ठेवलं. गोरक्ष बैल घेऊन माघारी आला आणि दुष्काळात घरी बसला.

आणि आबासाहेब? "साडेसाती लागली गाडीला," म्हणाले, आणि शिंगणापूरला जाऊन शनिदेवाला तेल वाहून आले. वाहा की! पण ओल्या लोखंडावर डांबर थाप, असं शनिदेवानं सांगितलं होतं का? स्वतःची घाई देवाच्या माथी मारायला लाज कशी वाटत नाही? संतापानं माझं रेडिएटर उकळत होतं.

माझ्या भोकाला ठिगळ लागलं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा ओढा, पुन्हा ओल्यावरच डांबर, पुन्हा हार. सगळे माझं रूप बघत होते, तेवढ्यात लंकाबाई लंगडत आली. तिला पाथर्डीला बाजाराला जायचं होतं.

"बस की, पूजा झालीया," आबासाहेब म्हणाले.

तिनं पाटी खाली ठेवली. दुखरा पाय लांब करून ती धुळीत बसली, वाकली, आणि माझ्या पोटाखाली बघितलं. ठिगळाशेजारी बोट दाबलं. डांबर आत दबलं आणि तिच्या मनगटावरून तांबडं पाणी ओघळलं.

ती उठली, पाटी डोक्यावर घेतली. "म्या चालतच जाते, आबा," म्हणाली आणि मोडक्या पायानं पाथर्डीच्या वाटेला लागली.

मित्रांनो, लष्कर सुटल्यापासून माझा तळ नीट बघायला खाली वाकलेली ती एकटीच. माझ्यासारखी गाडी तुमच्या दारात असेल तर तिला हार घालू नका, नारळ फोडू नका. आधी खाली वाका.