आईच्या डोळ्यातलं परकं भिंग

चष्म्याच्या दुकानात भिंतीवर तक्ता असतो. वरचं अक्षर पंज्याएवढं, मग ओळीओळीने बारीक. ही गोष्ट तशीच सांगतो. मंडळी, शेवटच्या ओळीपर्यंत डोळे फाडून यायचं बरं का!

पहिली ओळ

त्या देशाचं आणि आपल्या देशाचं फाटलं. सीमेवर तणातणी झाली, बातम्यांत आरडाओरडा झाला आणि चष्मेवाल्याचं रक्त उसळलं. रस्त्यावरच्या दुकानदार संघाचा तो अध्यक्ष. सगळे त्याला 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारत. त्याने ठराव करून घेतला: त्या देशाच्या मालावर चिकटणारा लाल ठिपका लावायचा. ठिपकेवाला माल विकायचा नाही, घ्यायचा नाही.

सुरुवात अर्थातच स्वतःच्या दुकानापासून. फ्रेमा झाल्या, स्क्रू झाले, काच घासायचं मशीनही सुटलं नाही. संध्याकाळपर्यंत दुकानाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

"आता विकणार काय? आरसा?" शेजारच्या कुलूपवाल्याने विचारलं.

"हसा, हसा. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?"

"असतो ना. पण माझी निम्मी कुलपं ठिपकेवाली निघाली. आता स्वाभिमानाला कुलूप कुठून आणू?"

दुसरी ओळ

त्याच आठवड्यात अध्यक्षाच्या आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मोतीबिंदू. डावा डोळा गेल्या वर्षीच झाला होता. आई घरी बसून लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायची. उजवा डोळा गढूळ झाल्यापासून सुई कापडापेक्षा बोटातच जास्त जात होती.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात बसवायच्या भिंगाची डबी दाखवली. अध्यक्षाने ती उलटी करून पाहिली आणि टेबलावर परत ठेवली.

"हे नको. तिथलं आहे."

"इथलंही मिळतं. पण त्याचा कच्चा माल तिथूनच येतो, आणि सध्या तो अडकलाय. कधी सुटेल, मला सांगता येणार नाही."

"थांबू आम्ही."

"तुम्ही थांबाल हो, मोतीबिंदू थांबणार नाही. फार पिकलाय. डोळ्यातला दाब वाढला तर नजर जाईल."

"पण ठराव माझा आहे, डॉक्टर! चार लोकांत तोंड कसं दाखवू?"

आई पुढे सरकली. "बाई, गेल्या वर्षी डाव्यात कुठलं बसवलं होतं?"

"हेच."

आईने मुलापुढे हात केला. "अध्यक्ष महाराज, खिशात ठिपके असतीलच. द्या एक."

त्याने सवयीने दिला. आईने तो डाव्या डोळ्याखाली, गालावर, दाबून बसवला आणि तो डोळा मिटून घेतला.

"झालं. आता हाही बंद. दाखव कुणाला तोंड दाखवायचंय ते. मला तरी दिसणार नाही!"

तिसरी ओळ

"भांडण खोटं आहे असं मी म्हणत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं एकाच दारातून आणणं धोक्याचंच. इथले कारखाने वाढायलाच हवेत. पण नवं दार पाडायच्या आधीच जुनं बुजवलं तर घरात आपणच कोंडले जाऊ. आणि ऐका, शस्त्रक्रियेनंतर घालायचे थेंब आपल्याकडून तिथे जातात. तिथेही कुणाची तरी आई अशीच बसली असेल, आणि तिचा मुलगा बाटली उलटी करून पाहत असेल."

अध्यक्षाने आईच्या गालावरचा ठिपका नखाने अलगद सोडवला. खाली कातडी लाल झाली होती. अरे, हे काय करून बसलो होतो आपण!

"हेच बसवा, डॉक्टर. आजच."

चौथी ओळ

"अध्यक्ष, फितूर झालात की काय?" दुकानात ठिपके खरवडताना कुलूपवाल्याने गाठलंच.

"ठराव मागे घेतोय. राग मागे घेत नाही. जाब विचारायचा तर सरकारांना विचारू. आईच्या डोळ्याची नाकेबंदी मी करणार नाही."

"संघ तुम्हाला खुर्चीवरून उतरवेल."

"उतरवू दे. चष्मे उभ्यानेही विकता येतात."

कुलूपवाला हसला. स्टूल ओढून त्यानेही मशीनचा ठिपका सोलायला घेतला.

शेवटची ओळ

पट्टी निघाल्यावर आई तक्त्यासमोर बसली आणि सगळ्यात बारीक ओळ न अडखळता वाचून गेली. आपणही एक ओळ वाचूया:

देश भांडतात तेव्हा बाजू जरूर घ्यावी; पण हात उगारण्याआधी तो कुणाच्या डोळ्यात जाणार आहे, तेवढं पाहावं.