खजुरीच्या खांद्यावरचा वड

मित्रांनो, मी एक वड आहे. माझ्या सावलीचं कौतुक पुष्कळ जण करतात. पण मी ज्या झाडाच्या अंगावर वाढलो, त्याची गोष्ट आधी ऐका.

एका सुताराच्या अंगणात खजुरीचं झाड होतं. ते त्याच्या मुलीनं लावलं होतं. दिवसभर बडबड करायची, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. सहा वर्षांची असताना तिनं खजूर खाऊन बी मातीत खुपसली आणि उगवली का, हे बघायला रोज उकरून काढली. बिचारी बी तरीही उगवली. टिटवी मात्र अकराव्या वर्षी तापानं गेली. तेव्हा खजुरी तिच्याएवढीच उंच होती.

पुढे खजुरी छपराच्या वर गेली. सुतार दरवर्षी शिडी लावून तिची वाळलेली पानं छाटायचा. छाटलेल्या देठांचे खुंट खोडावर राहतात. त्यांच्या बेचक्यात धूळ आणि कुजका पाला साठतो, दव मुरतं. एका मैनेच्या विष्ठेतून माझी बी तिथे पडली, मोहरीहूनही बारीक. खाली गर्द सावलीत पडलो असतो, तर बहुधा रुजलोच नसतो. वर मला ऊन मिळालं, ओल मिळाली, आधार मिळाला.

मला जेमतेम दोन पानं फुटली होती, तेव्हा सुतार पटाशी घेऊन वर आला.

"अगं, वडाचं रोप आलंय. काढून टाकतो."

खाली त्याची बायको शिडी धरून उभी होती. मान वर करून तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या ना हो. खांद्यावर मूल बसल्यासारखं दिसतंय."

सुतारानं पटाशी खिशात टाकली. तेव्हा मला किती आनंद झाला, काय सांगू!

माझी मुळं दोऱ्यासारखी खाली उतरू लागली. जमिनीला टेकली, तशी मला खरी भूक लागली. मी भराभर वाढलो. मला लाल फळं आली. तांबट आले, हरियल आले, कोकिळा आली. खारी फांदीवर बसून फळं कुरतडायच्या. संध्याकाळ झाली की वटवाघळं यायची. सुताराची बायको दारात बसून पाखरं मोजायची आणि म्हणायची, "अहो, घर पुन्हा बोलायला लागलं बघा."

मग एके वर्षी खजुरीला नवं पान आलंच नाही. होती ती पिवळी पडली. सुतार करवत घेऊन आला. माझी मुळं तेव्हा मनगटाएवढी जाड होती. एकमेकांत गुंतून ती खोडाभोवती घट्ट आवळली होती. त्यानं खोडावर बोटांनी ठोकून पाहिलं. लाकडाची पारख त्याला होती. आवाज पोकळ आला.

"कापा ना," बायको म्हणाली. "थांबलात का?"

"आता याच्याच आधारावर उभी आहे ती. याला कापलं, तर तीही कोसळेल."

"मीच म्हणाले ना तेव्हा, राहू द्या म्हणून."

"मी तरी कुठे काढलं?"

त्यानं करवत भिंतीला टेकवली आणि तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. वारा नव्हता. त्याच आठवड्यात भर दुपारी खजुरीचा शेंडा गळून अंगणात पडला.

त्यानंतर तिनं पाखरं मोजली नाहीत. अंगणाकडचं दार तिनं लावून घेतलं. सुतारानं स्वयंपाकघराला दुसऱ्या बाजूनं नवीन खिडकी पाडून दिली.

इतक्या वर्षांनी, परवा ती पहिल्यांदा अंगणात आली. पाठीत वाकलेली, भिंत धरत धरत. माझ्या मुळांच्या फटीत तिनं हात घातला. आत खोड नव्हतं, नुसता भुसा होता. तिनं तो मुठीत घेतला.

"तुझी चूक नाही रे बाळा," ती मला म्हणाली. "तुला काय कळत होतं?"

मित्रांनो, मला कळत होतं. त्या खोडातून चढणारं पाणी रोज थोडं कमी होताना मला कळत होतं. तरी मी वाढत राहिलो.

तुमच्या भिंतीवर, एखाद्या झाडाच्या बेचक्यात वडाचं रोप दिसलं, तर त्याला मारू नका. पण दोन पानांचं असतानाच अलगद काढा आणि मोकळ्या जमिनीत लावा, जिथे त्याला कितीही पसरता येईल. वेळ घालवू नका. आमचं आम्हाला थांबता येत नाही.