चापातला थांबा

मित्रांनो, मी सर्बियातल्या यावोर डोंगराकडची एक म्हातारी लष्करी रायफल. सध्या माझा मुक्काम कचेरीच्या कोठारात आहे. दस्त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय आणि तिच्यावर खटल्याचा आकडा आहे. इथले लोक मला त्या आकड्यानेच ओळखतात. म्हणून वाटतं, जाण्याआधी माझी कहाणी कुणीतरी माझ्या तोंडून ऐकावी.

कारखान्यात माझी नळी घडली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला आणि चाप लागला. माझा चाप दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात तो सहज मागे यायचा आणि अडायचा. तिथून पुढे नेटाने ओढला, तरच गोळी सुटायची. थंडीने बोटं बधिर झालेल्या शिपायाच्या हातून चुकून बार होऊ नये, म्हणून ही सोय. सैन्यात मी पंधरा वर्षं काढली, पण एकाही माणसावर मला गोळी झाडावी लागली नाही. याचा मला भारी तोरा होता.

पुढे सैन्याने आम्हां जुन्यांना काढून टाकलं, तेव्हा रादोयकोने मला घरी आणलं. तो सैन्यात अशाच रायफलीवर शिकला होता. पानगळ झाली की रानडुकरांसाठी हाका निघायचा. रादोयको दबा धरून बसायचा आणि त्याचा धाकटा भाऊ तिहोमिर हाकाऱ्यांबरोबर आरडाओरडा करत रान उठवायचा. झुडूप हललं की रादोयको पहिला टप्पा ओढून थांबायचा आणि पुन्हा नीट बघायचा. "पहिला टप्पा डोळ्यांसाठी, दुसरा गोळीसाठी," असं तो म्हणायचा.

एका वर्षी गचपणातून काहीतरी काळं सरपटत आलं. रादोयकोने पहिला टप्पा ओढला, पुन्हा पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. तो तिहोमिर होता! मेंढीच्या कातड्याचा काळा कोट घालून, ओणवा होऊन स्वारी अळंबी खुडत होती.

"अरे गाढवा, मेला असतास ना!"

"मेलो कुठे? आणि ही बघ तरी केवढी अळंबी!" तिहोमिर हसला खरा, पण त्या दिवशी पुन्हा ओणवा झाला नाही.

तेव्हापासून दरवर्षी कुळाच्या संताच्या सणाला तिहोमिर आलुबुखाराच्या दारूचा पहिला थेंब माझ्या दस्त्यावर शिंपडायचा. "आधी हिला! हिच्यामुळे मी आज पानावर बसलोय." त्या थेंबांचा डाग माझ्या लाकडावर अजून आहे.

तिहोमिरचा मुलगा नेबोयशा शहरात यंत्रांच्या कारखान्यात कामाला होता आणि नेमबाजीच्या संघातही जायचा. तो म्हणायचा, "काका, तुमचा चाप म्हणजे आधी नुसती झोप, मग गचका! त्या गचक्यानेच नेम हलतो."

"नेम वयाने हलतो रे बाबा," रादोयको म्हणायचा.

पण पोराचा जीव काकावर फार. काकाच्या साठीची भेट म्हणून तो मला घेऊन गेला आणि कानस चालवून माझा पहिला टप्पा काढून टाकला. आता बोटाने जरा दाबलं, की बार!

सणाच्या दिवशी त्याने मला काकाच्या हाती दिलं आणि काय बदललंय ते नीट सांगितलं. रादोयकोने रिकामा चाप ओढून पाहिला. "वा रे पठ्ठ्या! लोण्यासारखा चालतोय." तिहोमिरने नेहमीसारखा थेंब शिंपडला. लेकाच्या कौतुकाने त्याची छाती फुगली होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, माझा थांबा गेलाय, विसरू नका. पण मला एकच आवाज काढता येतो, आणि तो तेव्हा कुणालाही नको होता.

तीन दिवसांनी हाका ठरला. निघताना तिहोमिर म्हणाला, "दादा, मला डुक्कर समजू नकोस हं. बायको समजते तेवढं पुरे!" सगळे खो खो हसले.

दुपारी गचपण हललं. काहीतरी काळं, ओणवं दिसलं. चाप बदललाय हे रादोयकोला पक्कं ठाऊक होतं, सकाळीच त्याने ते सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं. पण डोक्याला ठाऊक असलेलं बोटाला ठाऊक नव्हतं. पुन्हा एकदा नीट बघावं, म्हणून बोटाने वीस वर्षांच्या सवयीने पहिला टप्पा ओढला. पहिला टप्पा नव्हताच. मी कडाडले.

तिहोमिर बुटाची नाडी बांधायला वाकला होता. त्याला उचलून नेलं, पण गाव येण्याआधीच त्याने प्राण सोडला.

कोर्टात नेबोयशा उभा राहून म्हणाला, "साहेब, कानस माझी होती. बापाला मी मारलं."

"गप्प बस!" रादोयको ओरडला. "बोट माझं होतं. ओळख पटायच्या आधी चापावर बोट ठेवायची खोड माझी, पोराची नाही."

रादोयकोला शिक्षा हलकीच झाली. पण त्यामुळे दोघांपैकी कुणाचंच ओझं उतरलं नाही.

काल दोघं कोठारात आले. मला भट्टीत वितळवायच्या कागदावर रादोयकोने सही केली. मग कोटातून छोटी बाटली काढली. नेबोयशाने काकाच्या हाताखाली आपला हात धरला. थेंब डागावर पडला. "आधी हिला," एवढंच रादोयको बोलला आणि पुतण्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मला वाटलं होतं, ते मला लाथ मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू प्रेमाने सुधारायला घ्याल, तेव्हा तिला वापरणाऱ्या हाताची सवय आधी विचारात घ्या. आणि हत्यार हाती असेल, तर समोर कोण आहे ते ओळखल्याशिवाय बोट चापाकडे नेऊ नका. मला आता थांबता येत नाही. तुम्ही थांबा.