चुलीपलीकडचा जावई

आमचे हे, फिलोनास, शहाण्यांच्या मंडळात आहेत. आमच्या मेतापोंतियोन गावात त्या मंडळात जायचं म्हणजे पावटे खाण्यावर कायमचं पाणी सोडायचं आणि आकाशाबद्दल बोलत बसायचं. दोन्हींनी पोट भरत नाही, पण माझं ऐकतंय कोण!

त्यांच्या मते विश्वाच्या मधोमध एक चूल पेटलेली आहे. सूर्य, चंद्र, पाच ग्रह, पृथ्वी आणि ताऱ्यांचा एक गोल, सगळे तिच्याभोवती फिरतात. मोजले तर नऊच भरतात. पण पूर्ण संख्या दहा, आणि विश्व अपुरं कसं असेल? म्हणून यांनी आणखी एक पृथ्वी ठरवून टाकली. ती दिसत नाही, कारण ती कायम चुलीपलीकडे असते. "दिसत नाही हाच पुरावा," असं हे जेवताना सांगतात.

अशा घरातल्या लेकीनं, मिर्तालिसनं, नेमका पावटे पिकवणाऱ्या ग्लौकिआसवर जीव लावला. यांनी थयथयाट केला. पोरीनं अन्न सोडलं. ती वाळत चालली, तसं मला राहवेना.

"अहो, मंडळात तुम्ही किती जण?"

"लिसान गेल्यापासून नऊ."

"मग अपुरं कसं चालतं तुमचं? तुम्ही पावटे खात नाही, म्हणजे पलीकडचा दहावा खात असणार. घ्या, ग्लौकिआसच तो!"

मी चिडून बोलले होते. पण यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सापडला!" असं ओरडत हे अनवाणीच मंडळाकडे धावले. मंडळानं ग्लौकिआसला एकमतानं दहावा ठरवलं आणि लग्न लागलं. अट एकच होती. दहावा नवांना कधी दिसता कामा नये. दहाव्याची बायकोसुद्धा.

आमची चूल घराच्या मधोमध आहे, गोल. लेक-जावई आले की हे अलीकडे, ती दोघं पलीकडे, आणि मी ओल्या फांद्या घालून धूर करायचा. जावई अंजिरांच्या टोपलीकडे सरकला की हेही तितकेच उलटीकडे सरकायचे.

"मामा, एकदा बसा की!" जावई खोकत म्हणायचा.

"मी बसलो तर विश्व थांबेल, गाढवा!"

मग नातू झाला. तो पलीकडे खिदळायचा आणि हे अलीकडे कान लावून बसायचे.

"नाक कुणावर गेलंय गं?"

"उठून बघा ना!"

"आणि विश्वाचं काय?" असं म्हणून हे डोळे पुसायचे. धुरानं येतंय पाणी, म्हणायचे. एकदा धूर नसतानाही म्हणाले. ते काही मला बघवेना.

मी पाण्याचा घडा उचलला आणि चुलीवर उपडा केला.

जावई किंचाळला. हे डोळे गच्च मिटून, डोक्यावर हात धरून, आकाश कोसळायची वाट बघत बसले. काहीही कोसळलं नाही. नातू तेवढा भिजून गार झालेल्या राखेतून रांगत आला, यांच्या मांडीवर चढला आणि मुठीतला उकडलेला पावटा त्यानं यांच्या तोंडात कोंबला.

हे थबकले. मग चावला. मग गिळला.

"मीठ कमी आहे," म्हणाले. डोळे मिटलेलेच. नियम तो नियम. चाचपडत हात वर नेला आणि दोन बोटांनी पोराचं नाक धरलं. किती तरी वेळ धरून ठेवलं.

"माझंच आहे गं," म्हणाले, आणि डोळे उघडले.